चौकशीचं सोवळं

सासरे पोलीस खात्यातून निवृत्त झाले आणि आमच्या घरात सोवळं सुरू झालं. पूजेचं नव्हे, देवाशी त्यांचं फारसं बोलणं नव्हतं. हे सोवळं चौकशीचं होतं. दिल्लीत तेव्हा नुकताच एक आयोग झाला होता. पोलिसांनी कुणाला छळलं तर पोलिसांना न विचारता थेट तिथे तक्रार करता यायची. अशा तक्रारींची जागेवर जाऊन चौकशी करायला आयोगाला माणसं हवी होती, आणि बंगळूरसाठी कुणीतरी सासऱ्यांचं नाव सुचवलं. उभं आयुष्य खाकीत काढलेला माणूस खाकीचीच चौकशी करायला निघाला, आणि सगळ्यात आधी त्याने काय केलं, तर पाण्याची एक बाटली विकत आणली.

ही बाटली कापडी पिशवीत घालून अप्पा निघायचे. सासऱ्यांना घरात सगळे अप्पाच म्हणत, मीही म्हणू लागले होते. पोलीस स्टेशनात जायचे तरी पाणी आपलं, तक्रारदाराच्या घरी जायचे तरी पाणी आपलं. चहा कुणाचाच नाही. स्टेशनातून जीप पाठवतो म्हणाले तर नको, सिटी बसला लोंबकळत जायचे. मी एकदा न राहवून विचारलं, "एक घोट चहा घेतला तर काय आभाळ कोसळणार आहे, अप्पा?"

"काही कोसळत नाही ग. पण समोरच्याला दिसतं. पोलिसांची चौकशी पोलिसानेच करायची, मग लोकांनी भरवसा ठेवायचा कशावर? त्याच स्टेशनातला चहा प्यायलेल्या माणसावर?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "आमच्या अत्तींचं सोवळं संपलं, सुटले म्हटलं मी. तर आता ह्यांचं सुरू! स्वल्प तरी कमी करा की." अत्ती म्हणजे त्यांच्या सासूबाई. आणि माझ्या सासूबाईंना सगळं घर अक्का म्हणायचं. पिढ्यानपिढ्या बंगळूरच्या बसवनगुडीत राहिलेली ही माणसं. यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं, की लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हा पहिले काही महिने मी दोघांचं बोलणं दुरुस्त करत बसायचे. पुढे लक्षात आलं की भाजीवालीला, रिक्षावाल्याला, वाण्याला अक्कांचं सगळं कळतं आणि माझं कुणालाच काही कळत नाही. मग मी मुकाट्याने 'बरं'ऐवजी 'सरी' म्हणायला शिकले.

सोवळ्याची दुसरी बाजू मात्र हसण्यासारखी नव्हती. पूर्वी आमच्या व्हरांड्यात रविवारी अप्पांचे जुने सहकारी जमायचे. वेताच्या खुर्च्या कमी पडायच्या. अप्पांनी हे काम घेतल्याचं कळलं आणि एकेक जण येईनासा झाला. सकाळी फिरायला जाताना मी पाहायचे, ज्यांना अप्पांनी काम शिकवलं ती माणसं त्यांना पाहून रस्ता ओलांडून पलीकडे जायची. माझं डोकं फिरायचं. अप्पा नुसतं म्हणायचे, "चौकशीवर आहे म्हणून मी कुणाला बघून रस्ता बदलत नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही बदललाच असता की." रविवारी त्या खुर्च्या ते स्वतः पुसायचे. मला फार वाईट वाटायचं ते बघून.

कुठल्या चौकशीत काय आहे, याचा चकार शब्द ते घरात काढत नसत. त्यामुळे बनशंकरीच्या एका बाईच्या तक्रारीबद्दल आम्हांला काहीच माहीत नव्हतं. पुढचं कळायला हवं म्हणून ते आधीच सांगते. तिचा मुलगा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर सुरेख, उजवा हात त्याचं भांडवल. एका दुकानात चोरी झाली, त्याची पाटी यानेच रंगवलेली, म्हणून पोलिसांनी त्याला उचलून नेलं. कुठे नोंद नाही, वकील नाही. सोडला तेव्हा मनगट मोडलेलं होतं. स्टेशनाचं म्हणणं, हा चालत्या बसमधून पडला, आम्ही तर त्याला नुसतं विचारून सोडून दिलं. हाड वाकडं जुळलं. आईने नुकसानभरपाई मागितली नव्हती, इन्स्पेक्टरला घरी बसवा असंही म्हटलं नव्हतं. तिचं एकच मागणं होतं: माझा मुलगा पडला नाही, एवढं सरकारच्या कागदावर कुणीतरी लिहा. अप्पांची चौकशी जवळजवळ पुरी होत आली होती आणि तेवढ्यात संक्रांत आली.

संक्रांतीला अक्कांच्या अंगात संचारायचं. आठवडाभर आधीपासून सुकं खोबरं आणि गूळ यांचे बारीक तुकडे करायचे, त्यात तीळ, शेंगदाणे, फुटाण्याची डाळ मिसळायची. त्याला म्हणायचं एळ्ळु-बेल्ला. सोबत उसाचं कांडं आणि साच्यात पाडलेली साखरेची चित्रं. मी पुण्याची, म्हणून माझे तिळाचे लाडू वेगळे. त्या वर्षी मी हौसेने काळी साडी नेसले, तर शेजारच्या बायका आधी माझ्याकडे आणि मग अक्कांकडे बघायला लागल्या. सणाला काळं! अक्का ठसक्यात म्हणाल्या, "त्यांच्या पुण्यात असंच असतं," आणि विषय संपवला. सुनेची बाजू घेण्यात त्या पटाईत होत्या.

दुपारी हळदीकुंकू. अक्कांच्या माहेरचा एक रिवाज होता आणि तो त्या जिवापाड पाळत. कुंकवाला आलेल्या बाईला तू कोण, कशाला आलीस, असं विचारायचं नाही. विचारलं तर त्या कुंकवाचा अपमान. दार उघडं ठेवायचं, येईल तिला बसवायचं. आणि पहिल्यांदा घरी आलेली सवाष्ण असेल तर तिची ओटी भरल्याशिवाय तिला उठू द्यायचं नाही.

तर त्या गर्दीत एक बाई फाटकाशी घुटमळत होती. धुवट सुती साडी, केसांत अबोलीचा गजरा. मला वाटलं अक्कांची देवळातली मैत्रीण असेल. अक्कांना वाटलं माझ्या कंपनीतली कुणी असेल. तिने मला विचारलं, "सार आहेत?" मी म्हटलं, सर येतीलच, बसा ना. बायकांची वर्दळ सुरू झाली की अप्पा बागेत फिरायला निघून जात. ती सतरंजीच्या अगदी कडेला बसली. काहीतरी बोलायला तिने दोनदा तोंड उघडलं, पण अक्कांच्या दुपारी कुणाला बोलायला मिळतंय! तिला हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, हातात एळ्ळु-बेल्ला दिलं, आणि पहिल्यांदाच आली आहे म्हणून पदर पुढे करायला सांगून खण, नारळ, तांदूळ यांनी ओटी भरली. ती बाई रडायला लागली. अक्कांना वाटलं तिला माहेर आठवलं असेल. त्यांनी आपल्या पदराने तिचे डोळे पुसले.

त्याच वेळी अप्पा फाटकातून आत आले. ते दारातच थांबले. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

ती ओटी सांभाळत उठली आणि सगळ्या बायकांसमोर भडाभडा बोलली. कन्नडच बोलत होती, पण इतकं साधं की मलाही सगळं कळलं. स्टेशनातली माणसं घरी आली होती. मिटवून टाका म्हणत होती. आणि मुलगा तयार झाला होता. "तो आता स्वतःच म्हणतो, सार, मी पडलो. लोकांनी हाताचं विचारलं की बसमधून पडलो म्हणतो. त्यांना म्हणू दे. काल मला म्हणाला! मला, आईला! सार, लवकर लिहा. नाहीतर त्याला तेच खरं वाटायला लागेल."

अप्पांनी हात जोडले. "अम्मा, तुम्ही आता घरी जा. मी तुमच्याकडे येऊन बोलतो." एवढंच बोलून ते आतल्या खोलीत गेले. बायका हळूहळू पांगल्या. उसाची कांडी तशीच परातीत राहिली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात जे काही झालं त्याला भांडण म्हणायचं की काय, मला ठाऊक नाही, कारण आवाज फक्त माझा चढला होता. अप्पा म्हणत होते, चौकशी करणाऱ्याच्या घरात तक्रारदाराची ओटी भरली गेली, आता हे मला दिल्लीला कळवायला हवं. मी म्हटलं, "कुणाला कळणार आहे? एक नारळ आणि एक खण!"

"मला कळलंय ना. उद्या इन्स्पेक्टरच्या वकिलाला कळलं तर माझा सगळा अहवाल कचऱ्यात जाईल. आणि नाही कळलं, तरी तो तेवढाच नासलेला असेल."

"धुतल्या तांदळासारखे राहा तुम्ही," मी म्हटलं, "आणि त्या बाईने काय करायचं?"

अक्का इतका वेळ चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या वळल्या तेव्हा त्यांचं नाक लाल झालेलं. "मी काय करायला हवं होतं? दारात आलेल्या बाईला जा म्हणू?"

अप्पा उठून त्यांच्यापाशी गेले. सुनेसमोर ते बायकोच्या कधी फार जवळ उभे राहत नसत, पण त्या दिवशी त्यांनी तिचा हात धरला. "नाही. तू केलंस ते बरोबरच केलंस. मी करतोय तेही बरोबर आहे. म्हणूनच एवढा त्रास होतोय की."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिल्लीला फोन लावला. ओटी भरणं म्हणजे काय, हे पलीकडच्या अधिकाऱ्याला हिंदीत समजावून सांगताना त्यांची पार त्रेधा उडाली. नारळ दिला म्हटल्यावर पलीकडून विचारणा झाली, कुणी कुणाला दिला, आणि कशाच्या बदल्यात? अक्का दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या आणि त्याही परिस्थितीत आम्हा दोघींना हसू आवरेना. पण शेवटी पलीकडच्याला कळलं. चौकशी अप्पांकडून काढून घेण्यात आली. दुसरा अधिकारी येणार होता, कधी ते मात्र कुणी सांगितलं नाही.

हे त्या बाईला समक्ष जाऊन सांगायचं, असं अप्पांनी ठरवलं. मी त्यांना माझ्या स्कूटरवरून बनशंकरीला घेऊन गेले. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, कोपऱ्यात रंगाचे डबे, वाळून टणक झालेले ब्रश. मुलगा भिंतीला टेकून बसला होता. आम्हांला बघून त्याने उजवा हात लुंगीत लपवला. अप्पांनी सगळं नीट सांगितलं. आपल्याकडून काम का गेलं, आपल्या बायकोची त्यात चूक नाही, तुमचीही नाही.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पहिल्या साहेबाने माझा कागद घेतला नाही, कारण तो त्यांचा माणूस होता. दुसऱ्याने घेतला आणि हरवला. तुम्ही चांगले आहात, म्हणून सोडून चाललात. मला सगळं सारखंच की, सार. वाईट माणूस असला तरी माझं काम होत नाही, चांगला असला तरी होत नाही."

मुलगा म्हणाला, "जाऊ दे अम्मा. मी पडलोच होतो." ती त्याच्याकडे बघत राहिली. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

परतताना अप्पांनी स्कूटर थांबवायला सांगितली. रस्त्याकडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर ते बसले. ती बरोबर बोलली, असं दोन-तीनदा म्हणाले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तक्रारदाराला सुनावणीला आपल्यासोबत एक माणूस नेता येतो. घरचं, ओळखीचं, कुणीही. आता मी चौकशीवर नाही. तर मी जाऊ शकतो. नाही का?"

"जाऊ शकता. पण अप्पा, समोर तुमचंच खातं असेल. तुमच्या हाताखालची माणसं. तक्रार करणाऱ्यांच्या बाकावर बसाल तुम्ही."

"हो. खुर्च्या पुसायचं कामही संपेल मग," ते म्हणाले. मित्रांचं न येणं त्यांना लागलेलं होतं, इतके दिवस ते मला कळू देत नव्हते एवढंच.

सुनावणी हेब्बाळकडच्या एका सरकारी विश्रामगृहात झाली. आंध्रातून आलेला तरुण अधिकारी, कन्नड मोडकंतोडकं पण कान तिखट. एका बाजूला इन्स्पेक्टर आणि त्याची माणसं, कडक इस्त्रीत. त्यांतल्या एकाने अप्पांना पाहून सवयीने सलाम ठोकला आणि मग हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना. अप्पा दुसऱ्या बाजूला लाकडी बाकावर त्या मायलेकांच्या मधोमध बसले. मी मागे भिंतीशी.

अधिकाऱ्याने अप्पांना ओळखलं असावं, कारण त्याचा आवाज मऊ झाला. पण कागदावरचा रकाना भरायचाच होता. त्याने बाईला विचारलं, "हे तुमचे कोण?"

तिने अप्पांकडे पाहिलंसुद्धा नाही. "अण्णा," म्हणाली. थोरला भाऊ.

"अण्णा म्हणजे, सख्खे?"

हा माणूस, ज्याने एका नारळासाठी दिल्लीला फोन केला, तो आता उठणार. नाही, मी हिचा कुणी नाही, निवृत्त अधिकारी आहे, नीट लिहा, असं सांगणार. कागदावर चुकीचं गेलेलं त्याला खपणारच नाही. अप्पा उठलेच. खाकरले.

"सख्खा नाही," ते म्हणाले. "आमच्या घरी हिची ओटी भरली आहे. त्यामुळे अण्णा लागतो. जसं आहे तसंच लिहा."

अधिकाऱ्याने लिहिलं. इन्स्पेक्टर खाली बघत होता. मी काळ्या साडीपासून ओटीपर्यंतच्या त्या गोंधळाला मनातल्या मनात आशीर्वाद दिला. ती बाई मग बोलली. अजिबात न अडखळता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मुलगा बोलला नाही. सुनावणीला बोलावलेल्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं की पडून मनगट असं मोडत नाही, पिरगाळून मोडतं.

निकाल यायला पावसाळा उजाडला. चोरीच्या प्रकरणातून मुलाचं नाव काढलं होतं, इन्स्पेक्टरवर खात्यामार्फत कारवाई करा म्हटलं होतं. ती झाली ती अगदीच किरकोळ. दुसऱ्या गावी बदली आणि काही दिवस रोखलेली बढती. मी ऐकून पुन्हा भडकले. पण कागदावर ते वाक्य होतं: सदर व्यक्ती बसमधून पडलेली नाही. अप्पांनी त्याची प्रत घेतली आणि आम्ही पुन्हा बनशंकरीला गेलो.

घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात बघा, तिथे पाटीचं काम मिळालंय. दुकानासमोर शिडी लावलेली. वर मुलगा, ब्रश डाव्या हातात. अक्षरं थोडी वाकडी येत होती, तो पुसून पुन्हा काढत होता. खाली त्याची आई शिडी धरून उभी. अप्पांनी तिथेच, रस्त्यावर, तिला ते वाक्य वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग वर बघून म्हणाली, "ऐकलंस का रे?" ब्रश चालत राहिला.

आम्ही निघणार तेवढ्यात दुकानदार बाहेर आला. शिडीकडे मान वर करून त्याने सहज विचारलं, "काय रे, डाव्या हाताने? उजव्याला काय झालं?"

आईची शिडीवरची पकड घट्ट झालेली मला दिसली.

"स्टेशनात मोडला," मुलगा वरून म्हणाला. ब्रश डब्यात बुडवला, कडेला निपटला. "पोलिसांनी मोडला. मी पडलो नव्हतो."

"हो का," दुकानदार म्हणाला, आणि निळा रंग जरा गडद घे, असं सांगून आत गेला. अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती बाई शिडी सोडत नव्हती, म्हणून डोळे पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. मी पुढे होऊन माझ्या पदराने पुसले.